आधी खूण सांगा

आमच्या कंपनीचा नंबर आज लावून बघा. एक बाई बोलते. बाई कसली, मशीन. "आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे. मराठीसाठी एक दाबा." दाबा. मग परत दाबा. दाबून दाबून अंगठा झिजेल, पण माणूस काही यायचा नाही. महत्त्वाचा आहे म्हणे! कॉल खरोखर महत्त्वाचा मानणारी एक बाई त्या खुर्चीत बसलेली होती, तिला घरी पाठवलं आणि आता ह्या मशीनला गोड बोलायला शिकवलंय.

त्या बाईचं नाव हंसा तामोरे. तारापूर एमआयडीसीतल्या आमच्या केमिकल कंपनीत ती बावीस वर्षं टेलिफोन ऑपरेटर होती. मी कुंदन, राहणारा पाम गावचा, त्याच कंपनीच्या गेटवर वॉचमन. तिची केबिन आणि माझं गेट, मध्ये एक काच. बावीसपैकी सतरा वर्षं मी त्या काचेतून तिला बघत आलो, तेव्हा तिच्याबद्दल बोलायचा थोडा हक्क मलाही आहे.

आधी एक गोष्ट समजून घ्या, नाहीतर पुढचं कळणार नाही. आमच्याकडे मोबाइल आत न्यायला बंदी. आत सॉल्व्हंट असतं, एक ठिणगी पुरते. म्हणून गेटवर लाकडी पेटी आहे, शंभर खान्यांची. कामावर येणाऱ्यानं आपला मोबाइल आपल्या खान्यात ठेवायचा आणि सुटताना घ्यायचा. पेटीची किल्ली माझ्याकडे. फोन बंद करून ठेवायचा असा नियम आहे, पण बंद कोण करतंय? दिवसभर पेटी वाजत असते. एकदा माणूस आत गेला की आठ तास तो घरच्यांना मेला. घरी पोर जन्माला येवो की म्हातारं जावो, निरोप यायचा तो एकाच वाटेनं, कंपनीचा नंबर आणि हंसाताईचा बोर्ड.

ती मुरब्याची, किनाऱ्यावरच्या गावातली. बाप होडीवर, आई सुका बोंबील विकायची. लहानपणी म्हणे किनाऱ्यावर बसून नुसत्या इंजिनाच्या आवाजावरून सांगायची, कोणाची होडी येतेय. तोच कान घेऊन ती कंपनीत आली. फोन उचलला आणि समोरच्यानं नुसता "हॅलो" म्हटलं की ही विचारायची, "काय गो राहीबाई, सर्दी झाली काय?" पाड्यावरच्या बायकांना फोनवर नाव सांगायची लाज वाटायची, हिला सांगावंच लागत नसे. एकदा कोणी भामटा मालकाचा भाऊ म्हणून बोलत होता. हिनं सरळ सांगितलं, "भावाचा आवाज मला ठाऊक हाय. तू कोण रे मेल्या?" आणि फोन आपटला.

तोंडाची फटकळ होती, खोटं कशाला सांगू. माझ्या डुलक्यांवरून तिनं मला चारचौघांत कितीदा धुतलाय. पण तिची एक रीत होती, ती तिनं कधी मोडली नाही. वाईट बातमी ती फोनवर सांगत नसे. आतल्या माणसाचं कोणी गेलं, तर ती डिपार्टमेंटला एवढंच कळवायची, "त्याला गेटवर पाठवा, घरून निरोप हाय." मग स्वतः केबिनीतून उठून यायची, त्याला माझ्या बाकावर बसवायची, पाणी द्यायची आणि मग सांगायची. म्हणायची, "कुंदनभाऊ, वायरीतून मरण पाठवू नये. माणूस समोर लागतो."

आता बोईसरला राहणाऱ्याला सांगायला नको, इकडे महिन्या-दोन महिन्याला कुठंतरी धडाम होतं. धूर दिसला की मोबाइलवर अफवा सुटतात, अमक्या कंपनीत पन्नास गेले, तमकीत शंभर. पाड्यावरच्या बायका कपाळ बडवत जीप भरून गेटवर यायच्या आणि नवरा आत खुशाल डबा खात असायचा. हंसाताईला ते बघवेना. तिनं स्वतःच्या खिशातून कार्डं छापून घेतली. त्यावर कंपनीचा नंबर मोठ्या आकड्यात, आणि प्रत्येकाला एक दिलं. "घरी भिंतीला लाव. बायकोला सांग, ह्या नंबरावरून फोन आला तरच खरं. बाकी जग काय बी बोंबलू दे."

आणि बायकांनी ते मानलं. मनोरच्या पुढे डोंगराकडच्या पाड्यांवर मी गेलोय, देवाच्या फोटोशेजारी ते कार्ड लावलेलं पाहिलंय.

तीन वर्षांपूर्वी कंपनीनं जुना बोर्ड काढला आणि इंटरनेटवरचा फोन बसवला. बिल निम्म्यावर आलं, साहेब खूश. बसवायला अनुज नावाचा मुलगा अंधेरीहून आला होता. हुशार होता, वाईट नव्हता. जाताना म्हणाला, "साहेब, पासवर्ड बदलून घ्या, आत्ता सगळीकडे यंत्रासोबत आलेलाच आहे." साहेब म्हणाले, बघू. त्यात मोठ्या साहेबांना हौस, घरी बसल्या बसल्या कंपनीतले फोन ऐकता आले पाहिजेत, कोण किती वेळ गप्पा मारतं ते. म्हणून प्रत्येक फोन रेकॉर्ड व्हायचा आणि ते रेकॉर्डिंग बाहेरून उघडता येईल असं दार ठेवलेलं. घर बांधायचं लाखाचं आणि कडी लावायची सुतळीची!

हंसाताई नवं यंत्र शिकली. पन्नाशीला आली होती, पण शिकली. स्क्रीनवर एक यादी यायची, कोणी कोणी आत शिरायचा प्रयत्न केला त्याची. एक दिवस मला काचेवर टकटक करून बोलावलं. "हे बघ. रोज हजार वेळा कोनतरी दार हलवून बघतंय. कुठल्या कुठल्या देशातून." मी म्हटलं, "ताई, आपल्याकडे चोरण्यासारखं आहे काय?" ती म्हणाली, "माणसं हायत ना." मी हसलो. तिनं अर्ज लिहिला, पासवर्ड बदला, रेकॉर्डिंग बंद करा. मग दुसरा लिहिला. मग तिसरा. एचआरचा हितेश साहेब प्रत्येकावर सही करून "नोंद घेतली" असं लिहायचा. घेतली ना नोंद, झालं तर!

गेल्या वर्षी उन्हाळ्यात राहीबाईला फोन आला. तिचा मुलगा आमच्याकडे ड्रायर विभागात. फोनवर नंबर कंपनीचा, तोच, कार्डावरचा. माणूस म्हणाला, "कंपनीतून बोलतोय. मुलाला भाजलंय. हंसाताईंनीच कळवायला सांगितलंय. आधी पैसे भरल्याशिवाय दवाखाना आत घेत नाही." राहीबाईनं मुलाला फोन लावला, तो माझ्या पेटीत वाजत राहिला. कंपनीला लावला, तर लाइन एंगेज. त्या तासात लुच्च्यांनी आमच्या सगळ्या लाइनी खोट्या फोनांनी भरून टाकल्या होत्या, हे नंतर कळलं. मग बिचारीनं शेजाऱ्याच्या मोबाइलवरून होतं नव्हतं ते पाठवलं आणि रडत रडत गेटवर आली. तेवढ्यात साडेतीनची शिफ्ट सुटली आणि मुलगा शीळ घालत, डबा हलवत बाहेर आला. राहीबाईनं त्याच्या एक कानफटात दिली आणि मग त्यालाच मिठी मारून हंबरडा फोडला.

पंधरा दिवसांत अशी सहा घरं बुडाली. सगळ्यांचं म्हणणं एकच, नंबर तर कंपनीचा होता, आणि बोलणाऱ्याला घरातली नावं, शिफ्ट, सगळं ठाऊक होतं.

अनुजला बोलावलं. त्यानं हंसाताईला समजावलं, तेव्हा मी तिथंच होतो. "ताई, फोनवर दिसणारा नंबर म्हणजे पाकिटावर लिहिलेलं पाठवणाऱ्याचं नाव. इंटरनेटवरून फोन करणारा तिथं कोणाचंही नाव टाकू शकतो. आणि घरची माहिती त्यांनी तुमच्या रेकॉर्डिंगमधून ऐकली. दार उघडंच होतं." हंसाताईचा चेहरा पांढरा पडला. म्हणाली, "म्हंजे मी इतकी वर्सं लोकांना पाकीट वाचायला शिकवलं? आत काय हाय ते न बघता?" ती बाथरूममध्ये गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

पण रडत बसणारी नव्हती ती. पुढच्या दोन रविवारी ती पाड्यापाड्यावर फिरली. एका रविवारी मीही होतो. प्रत्येक घरात बसून सांगायची, "नंबरावर इस्वास ठेवू नका. माझा आवाज आला तरी ठेवू नका, आता आवाजाची बी नक्कल करतात म्हणे. आपण एक खूण ठरवू. फोन आला की आधी खूण इचारायची. नाय सांगितली तर देवानं केला असला तरी ठेवून द्यायचा."

जिवल्याच्या घरी गेलो. जिवल्या आमच्याकडे हेल्पर, कॉन्ट्रॅक्टवर. आठवडाभर बोईसरला चौघांत खोली करून राहायचा, रविवारी घरी. त्याची बायको भागी चुलीपाशी होती. हंसाताईनं विचारलं, "तुमच्या दोघांनाच ठाऊक असेल असं काय हाय?" भागी तोंडाला पदर लावून हसायला लागली. "हा मला बघाया आलेला तवा ऐट दाखवाया ताडावर चढला. न् पडला." जिवल्या ओरडला, "ए, ते नको सांगू!" आम्ही सगळे हसलो. खूण ठरली, ताड.

तीन आठवड्यांनी भागीला फोन आला. नंबर कंपनीचा. जिवल्याला लागलंय, पैसे पाठवा. भागी म्हणाली, "आधी खूण सांग." तो गडबडला, "कसली खूण?" भागीनं त्याला अशा शिव्या घातल्या की पाड्यावरची कुत्री जागी झाली असतील. हंसाताईला हे कळलं त्या दिवशी ती काचेपलीकडून नाचायचीच बाकी होती. "कुंदनभाऊ, जमलं! भागीनं त्याला पळवला!" मला वडापाव दिला तिनं.

आठ दिवसांनी तिला नोटीस मिळाली. पोलिसांत तक्रार गेली होती आणि वरून विचारणा झाली होती, तेव्हा कोणाच्या तरी डोक्यावर खापर फोडायलाच हवं होतं. रेकॉर्डिंग उघडलं गेलं ते हंसाताईच्या नावानं. तिचं नाव आणि पासवर्ड मोठ्या साहेबांनीच स्वतःच्या सोयीसाठी ठेवून घेतला होता, हे अख्ख्या ऑफिसला ठाऊक होतं. एकानंही तोंड उघडलं नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी. चौकशी पूर्ण होईपर्यंत घरी बसा. मलाही दोन दिवस पोलिसांनी बसवून घेतलं, पेटीतल्या मोबाइलमधून नंबर तूच दिलेस काय म्हणून. बाहेर आलो तर हातात मेमो, यापुढे वॉचमननं कामगारांच्या मोबाइलला हात लावायचा नाही, वाजला तरी उचलायचा नाही. उचलल्यास कामावरून कमी.

जाताना हंसाताईनं सगळ्यांच्या खुणा एका कागदावर लिहिल्या, पाकिटात घातल्या, पाकीट चिकटवलं आणि हितेश साहेबाच्या हातात दिलं. त्याचं टेबल तिच्या केबिनीच्याच मागच्या अंगाला, मी ऐकलंय माझ्या कानांनी. "साहेब, हे जपा. उद्या खरंच काय झालं तर फोन करणाऱ्यानं आधी हे उघडायचं. नायतर बायका ऐकणार नाय." साहेब मोबाइलमधून मान न काढता (मोबाइलची बंदी आम्हाला, साहेबांना नाही) म्हणाला, "हो हो मॅडम, ठेवतो." ड्रॉवर उघडला, पाकीट टाकलं, ड्रॉवर लावला.

ऑक्टोबरातला मंगळवार. सकाळी सव्वादहाला आत ओरडा झाला. गरम ॲसिडची लाइन फुटली होती आणि खाली जिवल्या होता.

ॲम्ब्युलन्स माझ्या गेटवर थांबली. थांबवलीच, आउट पासवर सही लागते ना, माणूस जळाला तरी! मी खिडकीतून आत बघितलं. शुद्धीवर होता. तोंड ओळखू येत नव्हतं, पण डोळे त्याचेच. म्हणाला, "दादा, भागीला सांगा." मी म्हटलं, "साहेब फोन करतायत रे. तू काळजी करू नको." तेव्हा खूण माझ्या डोक्यातही आली नाही. त्याला विचारलं असतं, साहेबाला काय सांगू, तर तो एक शब्द त्यानं तिथंच सांगितला असता. किंवा मीच सांगितला असता, मला तर ठाऊकच होता! पण सही घेतली आणि गेट उघडलं.

हितेश साहेबानं फोन केला, हे खरंय. काचेतून दिसत होतं, बोलणं काय झालं ते मागाहून कळलं. कंपनीच्या नंबरावरून भागीला लावला. "जिवल्याला भाजलंय, बोईसरला दवाखान्यात या." भागीनं विचारलं, "खूण सांग." साहेब म्हणाला, "बाई, खूण काय, मी कंपनीतून बोलतोय!" भागीनं ठेवून दिला. दुसऱ्यांदा लावला, तिनं आईबहीण काढली. तिसऱ्यांदा उचललाच नाही. हितेश साहेबाचा इगो दुखावला. रजिस्टरला त्यानं लिहिलं, "घरच्यांना तीन वेळा कळविले. प्रतिसाद नाही." ते वाक्य अजून आहे तिथं, जाऊन बघा. त्याच्या गुडघ्यापासून वीतभर अंतरावर ड्रॉवरमध्ये ते पाकीट होतं. हंसाताई उमरोळीला घरात बसलेली होती. एक फोन तिला केला असता तर ती धावत आली असती. पण चौकशी चालू असलेल्या बाईला फोन कसा करायचा? नियमात बसत नाही.

आणि आता माझं ऐका, कारण दुसऱ्याला शिव्या घालणं सोपं असतं. अकराला पाच कमी असताना पेटी वाजायला लागली. बेचाळीस नंबरचा खाना, जिवल्याचा. जाळीतून स्क्रीन दिसत होता. नाव होतं "घर". भागीला शंका आली असणार. फोन खोटा असला तर नवरा आत कामावर असेल, खरा असला तर त्याच्याजवळचं कोणीतरी मोबाइल उचलेल, असं काहीतरी तिच्या मनात असणार. वाजला, थांबला. परत वाजला. किल्ली माझ्या कमरेला होती. मी उठलो, पेटीपर्यंत गेलो. खिशातला मेमो आठवला, मुलीची बारावी आठवली, आणि हंसाताईचं ते, वायरीतून मरण पाठवू नये. स्वतःला सांगितलं, साहेब सांगतोय ना, तू कशाला मध्ये पडतोस. परत येऊन खुर्चीत बसलो. तो वाजत राहिला. मी मोजत नव्हतो, पण फोन मोजतो. सतरा.

कंपनीची गाडी पाड्यावर निघाली जेवणं झाल्यावर, दोनला. पोहोचली साडेतीनला. जिवल्या पावणेतीनला गेला होता. त्याच्यासोबत गेलेला आमचा एक कामगार सांगत होता, शेवटपर्यंत दाराकडे बघून विचारत होता, "भागी निघाली का?" पाड्यावरून बोईसरला यायला दीड तास लागतो. पहिल्याच फोनवर निघती तर साडेबाराला त्याच्यापाशी असती.

बैल गेला आणि झोपा केला, तसे दुसऱ्या आठवड्यात पासवर्ड बदलले. रेकॉर्डिंग बंद झालं. मशीनची बाई आली. हितेश साहेबाच्या ड्रॉवरमधलं पाकीट सफाईवाल्या बाईला सापडलं, चिकटवलेलं तसंच. तिनं मला आणून दिलं. चौकशीत हंसाताई निर्दोष ठरली, कामावर या म्हणून पत्रही गेलं. तिनं ते फाडून समोरच्या गटारात टाकलं.

जिवल्याच्या दहाव्याला हंसाताई आणि मी पाड्यावर गेलो. माझ्याजवळ जिवल्याचा मोबाइल होता, तो परत द्यायचा होता. भागी अंगणात बसलेली. हंसाताई तिच्यासमोर बसली. बावीस वर्षं हजारो लोकांशी बोललेली बाई, नुसते ओठ हलत होते. भागीच बोलली. आवाजात राग नव्हता, असता तर बरं झालं असतं.

"ताई, तू सांगलंस तसंच केलं मी. खूण इचारली. तीनदा इचारली."

हंसाताईनं जमिनीवर डोकं टेकलं आणि मोठ्यानं रडायला लागली. भागी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. मग माझ्याकडे वळली. मी मोबाइल पुढे केला. तिनं तो उलटसुलट करून बघितला.

"ह्यावर बी केलेला मी. लय येळा. वाजत होता. कुठं होता ह्यो?"

"पेटीत."

"पेटी कोनापाशी असते, दादा?"

काहीही सांगता आलं असतं. हंसाताईनं डोकं वर केलं आणि माझ्याकडे बघितलं. त्या बाईच्या कानाला खोटं लगेच कळतं.

"माझ्यापाशी," मी म्हटलं.

भागीनं मोबाइल पदरात गुंडाळला, उठली आणि आत जाऊन माझ्यासाठी पाणी घेऊन आली.